पायल मॅडमचा पाचव्या शतकातला खड्डा

नवं राज्य झालं आणि रायपूरला एकाएकी सगळंच कमी पडायला लागलं. मंत्र्यांना बंगले कमी, बंगल्यांना पाट्या कमी, साहेबांना खुर्च्या कमी आणि खुर्च्यांना टॉवेल कमी. कालपरवापर्यंत भोपाळच्या तोंडाकडे बघत बसलेलं हे गाव आता आपण राजधानी आहोत हे स्वतःलाच पटवत फिरत होतं. त्यात कोणा शहाण्याच्या डोक्यात आलं की राजधानीला इतिहासही पाहिजे. सोयरीक जुळवताना घराणं विचारतात ना, तसं. मग घराण्याची शोधाशोध सुरू झाली आणि ती फिरत फिरत शहरातल्या एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात येऊन थडकली.

विभाग म्हणजे दीड खोली. पूर्ण खोलीत विभागप्रमुख डॉ. निरंजन देवपुजारी बसत. उरलेल्या अर्ध्या खोलीत फुटक्या मूर्ती, एक न चालणारा पंखा, शालिग्राम नावाचा परिचर आणि पायल रामटेके.

पायल दोन हजार तीनच्या जानेवारीत रुजू झाली होती. हुद्दा होता ‘अध्यापन-संशोधन सहायक’. मुदत दोन वर्षं. अर्धा वेळ शिकवायचं, अर्धा वेळ संशोधन करायचं. दोन वर्षांनी समिती बसणार, दोन्ही अर्धी तपासणार आणि दोन्ही समाधानकारक निघाली तरच नोकरी कायम होणार. पहिल्याच दिवशी देवपुजारी सरांनी तिला हे नीट समजावलं होतं.

“अर्धं शिकवणं, अर्धं संशोधन. समजलं?”

“समजलं, सर.”

“अन् तिसरं अर्धं विभागाचं काम.”

पायलने गणिताबद्दल काही विचारलं नाही. तिला नोकरी हवी होती. तिचे वडील नत्थूजी रामटेके भंडाऱ्याकडून येऊन इथे रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चौतीस वर्षं राबले होते, आणि मुलीला नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी आख्ख्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले होते. ‘सहायक’ हा शब्द त्यांनी पेढ्यांबरोबरच गिळून टाकला. कॉलनीत पायल सरळ प्रोफेसर झाली. आई अंजनाबाईंना एवढंच कळलं होतं की मुलगी उन्हात माती उकरण्याची पगारी नोकरी करते. “माती उकरासाठी एमए करावं लागते काय, बाप्पा?” असं त्या वर्षभर म्हणत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

पायलच्या वर्गात अकरा विद्यार्थी होते. त्यांना उत्खनन शिकवायचं होतं आणि उत्खननाला जागाच नव्हती. जागा म्हणजे खणायची परवानगी, आणि ती दिल्लीहून येते. पायलने एका खऱ्या जुन्या टेकाडासाठी अर्ज धाडला होता, तो दिल्लीत कुठल्याशा कपाटात स्वतःच पुरातत्त्व होत पडला होता. फळ्यावर खडूने मातीचे थर काढून काढून ती कंटाळली आणि पोरं तिच्यापेक्षा जास्त कंटाळली. पोहणं काय खाटेवर शिकवता येतं?

तेव्हा तिने या धंद्यात जे करतात तेच केलं. सरावाचा खड्डा. आपणच एक खड्डा खणायचा, त्यात थराथराने फुटकी मडकी, राख, विटा पुरायच्या, वरून माती दाबायची, पाऊस पडू द्यायचा आणि मग मुलांना सोडायचं. कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा, काय कशाबरोबर सापडलं, ते त्यांनी शोधायचं. नव्या राजधानीसाठी शहराबाहेर जी माळरानं घेतली होती, त्यात विद्यापीठालाही एक तुकडा मिळाला होता. तिथे दोन महुआची झाडं, एक पाटी आणि भरपूर मुरूम, याशिवाय काही नव्हतं. पायलने रीतसर अर्ज लिहिला, ‘सरावाच्या खड्ड्यासाठी परवानगी मिळावी’. सरांनी रीतसर सही केली. सर सही नेहमी करत, वाचत कधी नसत.

दोन हजार चारच्या मे महिन्यात, बाकी प्राध्यापक पंख्याखाली झोपलेले असताना, पायल आणि शालिग्रामने दहा बाय दहाचा पाच फूट खोल खड्डा खणला. पुरानी बस्तीत एक घर पाडत होते, तिथून जुन्या विटा आणल्या. तिथल्याच शेवंता कुम्हारीणकडून गेल्या पोऱ्याची उरलेली खेळणी आणली. पोरा म्हणजे आपला पोळा. छत्तीसगडात त्या दिवशी पोरं मातीच्या चाकांचे बैल ओढतात आणि पोरी मातीच्या चिमुकल्या जात्यावर खोटं दळण दळतात. पायलने ती खेळणी चहाच्या पाण्यात भिजवली, चुलीत काळी केली आणि थोडी फोडली. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून दोन पोती काळी भुकटी आणली, ती जळक्या थरासाठी.

सगळ्यात तळाशी तिने त्या वर्षीचं एक रुपयाचं नाणं टाकलं. ही या लोकांची रीतच आहे. खड्डा बुजवताना तळाशी चालू सालचं नाणं टाकायचं, म्हणजे पुढे कोणी खणलं तर त्याला कळावं की आपल्याआधी इथे कोणी येऊन गेलंय. नाण्यावर फुटकी खापरं, त्यावर विटांची फरशी, फरशीवर खेळणी, त्यावर काळा थर, त्यावर मुरूम.

“मैडम, एला कोन खनही?” शालिग्रामने घाम पुसत विचारलं. हे कोण खणणार, असं.

“आपले पोट्टे. दिवाळीनंतर.”

“हव,” शालिग्राम म्हणाला. त्याच्या ‘हव’मध्ये होकार असतो, पण विश्वास असेलच असं नाही.

दिवाळी बरीच लांब होती. ऑगस्टमध्ये पायलला टायफॉइड झाला आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. नेमकं त्याच दिवसांत रस्ता करणाऱ्यांचं मशीन विद्यापीठाच्या तुकड्यावरून गेलं आणि खड्ड्याची एक कड खरवडली गेली. मुकादमाला विटा दिसल्या. त्याने साहेबाला सांगितलं, साहेबाने मोठ्या साहेबाला, आणि मोठ्या साहेबाने देवपुजारी सरांना गाडी पाठवली. सरांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी गाडी पाठवली नव्हती. ते गेले, त्यांनी पाहिलं, फरशीपर्यंत खणवून घेतलं आणि तिथेच पत्रकारांना बोलावलं.

पायलला हे कळलं ते तापातून उठून मुगाची खिचडी खाताना. नत्थूजी हिंदी पेपर मोठ्याने वाचत होते. “नई राजधानी के नीचे मिली पुरानी राजधानी. पायल, हे तुह्यंच डिपार्टमेंट होय ना? राजकुमारों के खिलौने बरामद. पाचव्या शतकातले म्हणते.”

पायलने फोटो पाहिला. पाचव्या शतकातला राजपुत्राचा बैल तिने पाच रुपयांना घेतला होता आणि शेवंताने एक चाक वर फुकट दिलं होतं. तिने खिचडीचं ताट बाजूला सारलं.

“बाबा, हा माहा खड्डा होय.”

“मंग तेच तं म्हणून राहिलो. तुह्याच खड्ड्यात निघालं.” नत्थूजींचा चेहरा उजळला. “अन् पाह्य, सिरपूरले बुद्धाचा विहार निघाला, तं इथं काहून नाही निघणार? थोडं बाजूनं खणून पाह्य ना.”

अशक्तपणा होता तरी पायल दुसऱ्या दिवशी विभागात गेली. सरांच्या टेबलावर पुष्पगुच्छ होता. तिने आपला अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला, खाली त्यांचीच सही. सरांनी तो या वेळी वाचला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला, सवय नव्हती.

“हे त्या जागेचं कशावरून?” ते शेवटी म्हणाले. “तुझा खड्डा बाजूला असंल.”

“सर, ते पोऱ्याचे बैल होत. शेवंताकडचे.”

“तेच तं. पंधराशे वर्षं झाली, बैल तसाच. अखंड परंपरा. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे तुले?”

पायल ही काही भांडखोर मुलगी नव्हती, पण आपल्या हाताने पुरलेल्या वस्तूवरून तिला कोणी शिकवावं हे काही तिला सोसवेना. त्या रविवारी ती सरांना घेऊन माळावर गेली. आता तिथे पत्र्याचं छप्पर आणि पहारेकरी होता. तिने कोपऱ्यातल्या चार विटा काढल्या, खाली दोन फूट खणलं आणि ते नाणं काढून सरांच्या तळहातावर ठेवलं. दोन हजार चार.

सरांनी नाणं उलटंसुलटं केलं. “उंदराच्या बिळातून खाली गेलं असंल.”

“फरशीखाली, सर?”

“उंदीर मोठा असंल,” सर म्हणाले आणि नाणं खिशात घातलं.

परत येताना ते तात्यापाऱ्याच्या वळणावर, आपल्या घराशी उतरता उतरता म्हणाले, “जानेवारीत तुझी समिती आहे. तिच्यासमोर अहवाल लागंल, संशोधनाचा. या खड्ड्याचा अहवाल तू लिही. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. असा शोध असल्यावर तुले कोण काढते?” आणि मग, गाडीचं दार लावताना, “पोट्ट्यांची परीक्षा पण तिथंच घेऊ. पत्रकार येतील. तू त्यांना काही सांगू नको. जे दिसंल ते लिहू दे.”

पायल गप्प बसली. याची तिला लाज वाटली, पण ती गप्प बसली. अठ्ठाविसाव्या वर्षी टायफॉइडमधून उठलेल्या, बापाने पेढे वाटून ठेवलेल्या मुलीने लगेच काय करायला हवं होतं, हे सांगणाऱ्यांची कायमची नोकरी असते. तिने मनाशी ठरवलं, पोरं पेपर वाचतात, तेच लिहून टाकतील, आणि गोष्ट आपोआप मिटेल. दिवाळीनंतर ती वर्गात उभी राहिली, आणि काय झालं कोण जाणे, शिकवायला लागली की तिची जीभ तिचं ऐकत नसे. म्हणाली, “पेपरात काय आलं ते लिहायचं नाही. मी काय म्हणते तेही नाही. माती काय म्हणते तेवढंच लिहायचं.” महिनाभर तिने त्यांना खापराची कड बोटाने चाचपून पाहायला शिकवलं, जुनी मोड आणि ताजी मोड कशी ओळखायची ते दाखवलं, मातीचा रंग ओला करून बघायला लावला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची एवढी चोख तयारी क्वचितच कोणी केली असेल.

डिसेंबरात परीक्षा झाली. अकरा जण तीन तास खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून लिहीत होते, पत्रकार फोटो काढत होते आणि सर कोट घालून उभे होते. संध्याकाळी पायलने उत्तरपत्रिका घरी नेल्या आणि पहिलीच उघडली ती राधिका बघेलची. राधिका हिंदीतच लिहायची, इथला वर्गच हिंदीत चालायचा. तिने खड्ड्याच्या भिंतीचं नेटकं चित्र काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं की खापरांच्या कडा धारदार आहेत, पुरल्यानंतर त्यांच्यावरून काळ गेलेला नाही. थरांच्या मध्ये गवताची मुळं नाहीत, किड्यांची बिळं नाहीत, म्हणजे हे थर एकाच हंगामात एका माणसाने घातलेत. काळ्या थराबद्दल तर, “यह काली परत सिलतरा की है. हमारी छत पर रोज़ गिरती है, माँ रोज़ झाड़ती है.” आणि शेवटी, “गड्ढा भरने वाला मेहनती है, पर उसे गिराना नहीं आता, उसने सब कुछ सजा कर रखा है.”

हे वाचून पायलला हसू आलं आणि मग डोळ्यात पाणी आलं. तिने दुसरी उघडली. तेच, वेगळ्या शब्दांत. तिसरी, चौथी. एकाने तर विटांवर चुन्याच्या भिंतीचा निळा रंग दाखवून दिला होता, तो पायललाच दिसला नव्हता. दहा जणांनी ओळखलं. अकरावा सुशील. त्याने पेपरातली बातमी सुंदर अक्षरात उतरवली होती आणि वर राजाचं चित्र काढलं होतं, मिशांसकट. पण थरांची मापं त्याची बिनचूक होती. पायलने त्याला पन्नासपैकी अठरा दिले, काठावर पास. बाकी दहा जण पहिल्या वर्गात.

आता बघा गंमत. गुणपत्रिका खरी, तर शोध खोटा. म्हणजे संशोधनाचं अर्धं गेलं. शोध खरा, तर दहा पोरं नापास. म्हणजे शिकवण्याचं अर्धं गेलं. दोन्हीकडून नोकरी जाते. पायल रात्रभर झोपली नाही आणि सकाळी गुणपत्रिका घेऊन सरांकडे गेली, कारण तिच्यावर त्यांचीही सही लागत होती.

सरांनी उत्तरपत्रिका चाळल्या. राधिकाची पूर्ण वाचली, दोनदा. मग चष्मा काढून पुसत बसले.

“चांगलं शिकवलं तू,” ते म्हणाले. “मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पायल. ती धार. मी काही आंधळा नाही.”

“मंग काहून, सर?”

“मार्चमधी रिटायर होऊन राहिलो. बत्तीस वर्षं झाली. या बत्तीस वर्षांत मले एक मणी नाही सापडला. अर्ज केले, परवानग्या नाही आल्या. दुसऱ्यांनी खणलं, मी प्रस्तावना लिहिल्या.” त्यांनी चष्मा लावला. “त्या दिवशी गाडी आली, फुलं आली. मी म्हटलं, असू दे.”

पायलला त्यांचा राग आला होता तो कुठे ठेवावा कळेना.

सर मग एकदम कामाला लागल्यासारखे बोलायला लागले. “हे पाह्य. गुणपत्रिका परीक्षा विभागात जाते. अहवाल समितीकडे जाते. मी यावर सही करतो, पोट्टे पास. तू अहवालावर सही कर, तू कायम. आपल्या विद्यापीठात दोन कागद एकमेकांले कधी भेटत नाहीत. बत्तीस वर्षांत तेवढं तं शिकलो.”

आणि त्यांनी खरंच गुणपत्रिकेवर सही केली. एक गुणही न कापता.

पायल घरी आली. सरांनी सांगितलेला अहवाल तिने टाइप करून ठेवला होता, खाली दोन सह्यांची जागा होती, एक सरांनी भरलेली. तिने खूप विचार केला आणि तिला कुठेच कोणाचं नुकसान दिसेना. पोरं पास. सर खूश. सरकार खूश. बाबा खूश. सुशीलसुद्धा खूश. एक खड्डा तेवढा खोटं बोलणार होता, आणि खड्ड्याला काय लाज?

नत्थूजी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. पायलने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, आणि आपण कॉलनीभर सांगितलेली राजधानी हातातून निसटते आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विहाराची आशा तर अजूनच मागे गेली.

“सही केली तं काय होते?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही होत, बाबा.”

नत्थूजींनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाले, “तू झाली त्या दिवशी मले घाई होती. दवाखान्यातून निरोप आला, पोट्टी झाली म्हणून. एक डबा तपासाचा राहिला होता. म्या न पाहताच खडूनं ‘ठीक’ लिवलं अन् सायकलवर बसलो. कोणालेच माहीत नाही. तुह्या आईलेही नाही.”

“मंग? काय झालं?”

“काहीच नाही झालं. डबा गेला.” त्यांनी एक शेंग उगाच उलटी करून पाहिली. “तवापासून सकाळी पेपर आला का मी आधी पाहतो, कुठं मालगाडी घसरली काय. अठ्ठावीस वर्षं झाली. तो डबा कधीचाच भंगारात गेला असंल. पण मी पाहतो.”

ते उपदेश करत होते असं नाही. त्यांनी फक्त सांगितलं आणि टरफलं गोळा करून आत गेले. पायल मात्र तिथेच बसून राहिली. बापाला रोज सकाळी पेपरावर एवढं वाकून बसताना तिने आयुष्यभर पाहिलं होतं, आणि ती समजत होती की त्यांना राजकारणाची आवड आहे.

दुसऱ्या दिवशी ती पंडरीच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. अहवालाच्या शेवटी तिने दोनच पानं जोडली होती. एकावर लिहिलं होतं, ‘हा सरावाचा खड्डा मी मे महिन्यात खणून बुजवला’, त्याच्या मागे सरांच्या सहीचा तिचा तो अर्ज. दुसऱ्यावर, ‘तपासणी करणारे’ आणि खाली दहा नावं. त्यामागे दहा उत्तरपत्रिका, परिशिष्ट म्हणून. सगळं एकत्र स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. विद्यापीठाच्या इतिहासात दोन कागद पहिल्यांदा भेटले, तेही एकाच स्पायरलमध्ये अडकून.

मग तिने अहवालावर सही केली.

समिती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बसली. अध्यक्ष नागपूरहून आलेल्या डॉ. विनोदिनी होत्या, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. या बाईंनी खरंच खणलंय हे बूट बघूनच कळत होतं. त्यांनी अहवाल शेवटापासून वाचायला घेतला. राधिकाच्या उत्तरावर थांबल्या. ‘माँ रोज़ झाड़ती है’ वाचून हसल्या. मग देवपुजारी सरांकडे वळल्या.

“निरंजनराव, मुलं काय म्हणतात ते वाचलंत?”

“वाचलं.”

“तुमचं मत?”

खोलीत कुलसचिव होते, सरकारी पुरातत्त्व खात्याचे एक साहेब होते, आणि पायल होती. सरांनी पायलकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघू शकली नाही. आपण या माणसाच्या मार्चवर नांगर फिरवला आहे, हे तिला कळत होतं.

“पोट्ट्यांनी बरोबर लिहिलं,” सर म्हणाले. “दहाच्या दहा जणांनी. तळाले एक नाणं पण होतं. ते मी काढून घेतलं.”

खात्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना दुसरी मीटिंग आठवली. ते गेल्यावर कुलसचिवांनी नियमांची फाइल उघडली. नियम स्पष्ट होता. दोन्ही अर्धी समाधानकारक हवीत. अध्यापन, उत्कृष्ट. संशोधन, निरंक. विनोदिनीबाईंनी दहा मिनिटं भांडून पाहिलं, हेच संशोधन आहे म्हणाल्या, आवाजही चढवला. कुलसचिवांनी त्यांना चहा मागवला. नियमात खड्डा खणून बुजवण्याला संशोधन म्हणायची सोय नव्हती.

पायलची नोकरी त्याच दुपारी गेली. एकतीस तारखेपर्यंत पगार, मग मोकळी.

ती पायी घरी निघाली. रस्त्याने तिला राग आला, सरांचा, कुलसचिवांचा, दिल्लीच्या कपाटाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण रागाच्या खाली कुठेतरी तिला हलकं वाटत होतं आणि बेकार माणसाला असं हलकं वाटणं परवडत नाही.

नत्थूजी दारातच होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“नापास?”

“नापास, बाबा.”

अंजनाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नत्थूजींनी मान हलवली. पायलने तांब्या हातात घेतला. मग नत्थूजींनी विचारलं, “अन् पोट्टे?”

“पोट्टे सगळे पास.”

“सगळे म्हणजे?”

“अकराच्या अकरा. दहा फर्स्ट क्लासमधी.”

नत्थूजींनी खुंटीवरची टोपी घातली आणि बाहेर पडले. पायल पाणी पीत खाटेवर बसली. शेजारच्या शंकरभाऊंच्या दारातून बापाचा आवाज आला, “आमच्या पायलचे अकराच्या अकरा पास झाले, भैया. एकही मागं नाही.” त्यापुढच्या घरापाशी आवाज जरा चढला, तिथे अकराही फर्स्ट क्लासमध्ये आले. तिसऱ्या घरापाशी पोचेपर्यंत पोरं एकवीस झाली होती आणि आख्ख्या विद्यापीठातून पहिली आली होती.

पायलने तांब्या खाली ठेवला. डोळे पुसले, पायात चप्पल घातली आणि बापाच्या मागे निघाली. चौथं घर यायच्या आत तिला त्यांना गाठायचं होतं. अकरा होते, आणि त्यातला एक अठरा मार्कांवर पास झाला होता.